झुपका मोठा म्हणजे मका जोरात?

मक्याचं ताट उपटायचं, माती झटकायची आणि मुळांचा झुपका नाचवत म्हणायचं, "पांढरी मुळी बघा! उतारा येणारच." बियाणं विकणारा हेच बोलतो, हुमिक विकणाराही हेच. ऐकणारे माना डोलावतात.

मुळं फुकट वाढत नाहीत हो. पानांनी केलेल्या साखरेवरच ती पोसली जातात. शिवाय खोडाच्या बुडाशी मुळांची दाटी झाली की सगळी एकाच थरातला नत्र ओढत बसतात आणि नायट्रेट तर पाण्याबरोबर खाली निघून जातं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जोनाथन लिंच यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं, की कमी नत्राच्या जमिनीत बुडाशी कमी मुळं असलेला मकाच खोल गेला आणि जास्त पिकला. त्याच गटाने मुळाच्या सालीतल्या पोकळ्याही तपासल्या. तिथल्या पेशी मरून हवेच्या जागा होतात, म्हणजे पोसायची तोंडं कमी. 2010 च्या अभ्यासात पाण्याच्या ताणाखाली जास्त पोकळ्यांच्या वाणांनी कमी पोकळ्यांच्या वाणांच्या आठपट धान्य दिलं. हे मोजके प्रायोगिक वाण होते. आठपटीचा आकडा उद्या कुणी पाकिटावर छापू नये, म्हणून सांगून ठेवतो.

आता "मग खोल मूळच चांगलं" असंही धरून बसू नका. स्फुरद वरच्या थरातून फारसा हलत नाही. तिथे उथळ, फांद्या फुटलेली मुळंच कामाला येतात. कुठलं मूळ चांगलं, हे आधी जमिनीला विचारायचं.

"मुळांचं जनुक सापडलं की काम फत्ते" हेही ऐकतो. आरटीसीएस हे जनुक निकामी झालं तर मक्याला खोडापासून निघणारी मुळं येतच नाहीत, हे खरं. पण शेतातल्या वाणांमध्ये मुळांचा कोन, संख्या आणि लांबी बऱ्याच जनुकांच्या लहान लहान वाट्यांनी ठरते, त्यात माती-पाण्याची ढवळाढवळ वेगळीच.

आधारमुळं फक्त ताट उभं धरतात? मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या एका स्थानिक मक्याच्या हवेतल्या मुळांना चिकट स्राव सुटतो आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. 2018 च्या अभ्यासानुसार या मक्याचा 29 ते 82 टक्के नत्र हवेतून येतो.

मुळं जमिनीखाली, मग पैदासकार निवड करणार कशी? फावड्याने. खणायचं, धुवायचं, कोन आणि संख्या मोजायची. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत एका झाडाला काही मिनिटंच लागतात.