अमेरिकेतील सशुल्क जलद तपासणी

अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०११ मध्ये सुरू केलेली ‘प्रीचेक’ ही पूर्वपडताळणी झालेल्या प्रवाशांची स्वतंत्र रांग असून, तीत लॅपटॉप आणि द्रवपदार्थ पिशवीबाहेर काढावे लागत नाहीत. बूट न काढण्याची सवलत मात्र जुलै २०२५ पासून सर्वसाधारण रांगेतही मिळू लागल्याने हा एक फरक जवळजवळ पुसला गेला आहे. सदस्यत्व पाच वर्षांचे असते.

‘ग्लोबल एंट्री’ ही सीमाशुल्क विभागाची योजना परदेशातून येणाऱ्यांचा देशप्रवेश जलद करते, तिच्या १२० डॉलर शुल्कात प्रीचेकही अंतर्भूत असते आणि २०१७ पासून ती भारतीय नागरिकांना खुली आहे.

‘क्लिअर’ या खासगी सेवेने केवळ ओळखपत्र-तपासणीची रांग टळते. अंगझडती व सामानाची तपासणी टळत नाही.