घरभर सुटलेला घमघमाट

एप्रिल-मे महिन्यात जिना चढतानाच कळतं, आज कुणाकडे तरी गोड्या मसाल्याची भाजणी चालली आहे. घरभर घमघमाट सुटला की मसाला जमला, असंच आपण मानत आलो. तो वास मलाही फार प्रिय आहे. पण जिन्यात दरवळलेला वास मसाल्यातून निघून गेलेला असतो. धणे, जिरे, लवंग यांचा गंध त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. आच वाढली की आमटीत उतरायचं ते तेल हवेत जातं.

मग भाजायचंच कशाला? कारण भाजल्यावर काही नवंही तयार होतं. दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची उष्णतेनं एकमेकांशी रासायनिक क्रिया होऊन खमंगपणा येतो. शेंगदाणे भाजल्यावर किंवा भाकरीला डाग पडल्यावर येतो तसाच. शिवाय ओल जाते, दाणा ठिसूळ होतो आणि बारीक कुटला जातो. थोडा मूळ गंध द्यायचा आणि थोडा खमंगपणा घ्यायचा, असा हा सौदा आहे. तो कुठे थांबवायचा, एवढंच खरं कौशल्य.

म्हणूनच ‘जितका काळपट तितका चविष्ट’ हे चूक आहे. गोड्या मसाल्याचा गडद रंग बराचसा खरपूस भाजलेल्या खोबऱ्याचा आणि दगडफुलासारख्या जिनसांचा असतो. त्यासाठी धणे करपवायची गरज नाही. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, दोन-दोन मुठीच धणे घ्या. आधी काहीच घडत नाही, आणि नेमका तेव्हाच गॅस मोठा करायचा मोह होतो. तो आवरा. हलवताना दाण्यांचा आवाज हलका, कोरडा होतो, रंग किंचित बदलतो. एक दाणा चिमटीत दाबून पाहा. कट्‌कन फुटला की झालं. लगेच ताटात काढा, कारण गॅस बंद केला तरी तापलेली कढई भाजतच राहते.

सगळ्या जिनसा एकदम कढईत टाकल्यानं वेळ वाचतो खरा, पण धणे होईपर्यंत खसखस आणि तीळ करपून जातात. मेथी तर क्षणभराचीही सवड देत नाही. एका वर्षी धण्यांबरोबरच मेथी टाकली आणि ती तांबडी-काळी झाली. चमचाभर मेथीनं किलोभर मसाला कडू झाला. ना गूळ कामी आला, ना खोबरं. तेव्हापासून मेथी वेगळी, थेंबभर तेलावर.

लवंगेत वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त सुगंधी तेल असतं. तिला नुसती ऊब पुरते. वेलदोडे आणि जायपत्रीचंही तेच. जायफळ तर मी भाजतच नाही, किसूनच घालते.

सर्वांत धोक्याचा गैरसमज मिरचीबद्दल आहे: ‘थोडी बुरशी असली तरी भाजल्यावर जळून जाते.’ बुरशी मरेलही, पण काही बुरशींनी तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या कढईच्या आचेला पुरतं नाहीसं होत नाही. उन्हानंही जात नाही. बुरशी आलेली मिरची पुसू नका, निवडत बसू नका, फेकून द्या.

आणि ‘भाजलेला मसाला वर्षभर तसाच राहतो’ म्हणाल, तर अख्खा जिन्नस टिकतो, पूड झाली की गंध झपाट्यानं उतरतो. खोबऱ्यातलं आणि तिळातलं तेल खवट होतं ते वेगळंच. म्हणून मी धणे-जिरे पंधरा दिवसांपुरतेच भाजून कुटते आणि गोडा मसाला लहान लहान बरण्यांत भरते. भरल्यावर तासाभरानं झाकण उघडून बघते. आतून दव धरलेलं दिसलं, तर मसाला कोमटच भरला गेलेला असतो. तो लगेच ताटात पसरायचा, पुरता निवू द्यायचा आणि बरणी कोरडी करून मगच भरायचा.