ऑपरेशननंतर म्हातारं माणूस बरळू लागलं तर

आमचे थोरले बंधू अण्णा. वय ७६. पावसाळ्यात अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पहिल्या दिवशी अण्णा आमच्याशी नीट बोलले, चहा प्यायले.

दुसऱ्या रात्री मात्र भलतंच! "बैल कुणी सोडले? धरा त्यांना!" म्हणून ओरडू लागले. सलाईनची नळी उपटली. वहिनींना ओळखेनात. सकाळी जरा शांत, दिवेलागणीला पुन्हा तेच. कोणी म्हणालं, वेड लागलं. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे, अंगारा आणा. वहिनी रडू लागल्या. मी जन्मभर मुलं शिकवली, पण मीही घाबरलो.

डॉक्टरांनी समजावलं. हे वेड नव्हे आणि बाधाही नव्हे. आपण 'वात झाला' म्हणतो, तेच हे. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. उतारवयात मेंदू नाजूक होतो. त्यात ऑपरेशनचा ताण, वेदना, औषधांची गुंगी, जागरण. इतकं एकदम आलं की भान सुटतं. अंगात पाणी कमी पडलं, लघवी तुंबली, पोट साफ झालं नाही, जखमेत जंतू शिरले, तरी असं होतं. रोजची दारू एकाएकी तुटली तरी होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सगळं सांगावं. लाज धरू नये.

अण्णांची लघवी तुंबली होती. नळीने ती काढली. मग सिस्टरबाईंनी विचारलं, "यांना चष्मा आहे का?" होता. पण हरवेल म्हणून आम्हीच तो घरी पाठवला होता. आमचा शहाणपणा! परकी खोली, परके चेहरे, त्यात दिसत नाही. माणूस घाबरेल नाही तर काय? चष्मा आणला. रात्री मुलगा उशाशी बसला. "अण्णा, मी आहे. हा दवाखाना आहे. तुमचा पाय बरा होतोय." बैलांवरून त्याने वाद घातला नाही.

अमेरिकेत न्यू हेवन इथल्या रुग्णालयात याचा पडताळा घेतला. तो १९९९ साली छापून आला. सत्तरी गाठलेले ८५२ रोगी होते. ते ऑपरेशनचे नव्हते, इतर आजारांचे होते. नेहमीसारखी देखभाल झाली, त्यांत शंभरी १५ जणांना वात झाला. ज्यांना चष्मा दिला, पाणी पाजलं, उठवून चालवलं, रात्री झोपू दिलं, त्यांत शंभरी १० जणांनाच.

आणखी एक प्रकार आहे, तो फसवा. माणूस ओरडत नाही. निपचित पडतो. हाकेला ओ देत नाही, जेवत नाही. घरचे म्हणतात, बरं झालं, झोप लागली. तेव्हाही डॉक्टरांना लगेच बोलवावं.

बहुतेकांचं भान काही दिवसांत परततं. काहींना महिने लागतात. आधीच विसराळू असेल, तर विसर वाढूही शकतो. अण्णा पाचव्या दिवशी ताळ्यावर आले. दुकानाचा हिशेब मात्र अजून चुकतो. तो आता सूनबाई बघते.