पाय टेकू नका, तरंगत राहा! ग्रांद बेटावर स्नॉर्कलिंगला जाणाऱ्यांसाठी आणि नेणाऱ्यांसाठी



पावसाळा सरला, दर्या निवळू लागला की बायणा, बोगमाळो, कोको बीच, शिंकेरी इथून होड्या ग्रांद बेटाकडे निघतात. पूर्वी या होड्यांत जाळी असायची. आता बऱ्याच होड्यांत मास्क, नळ्या आणि लाइफ जॅकेटं असतात. नुसत्या बांगड्या-तारल्यांवर घर चालेना, तेव्हा या धंद्याने आपल्यापैकी अनेकांना हात दिला. म्हणून त्याबद्दल दोन गोष्टी नीट बोलायला हव्यात. पाव्हण्यांनीही वाचावं, होडीवाल्यांनीही वाचावं.

सगळ्याचं सार एका ओळीत सांगायचं तर: पाण्यात पाय टेकू नका. माणूस दमला, घाबरला, मास्कमध्ये पाणी शिरलं की पहिल्यांदा काय करतो? खाली खडक दिसला की त्यावर उभा राहतो. तिथेच पाय कापतो, काटा घुसतो, लाट आली की आपटतो. आणि ज्यावर तो उभा राहतो, ते पोवळं मोडतं. तरंगायला शिकलेला पाव्हणा स्वतःही सुखरूप राहतो आणि खडकही सुखरूप ठेवतो.

तो खडक आपला का आहे

ग्रांद बेटाच्या आडोशाला खडकांवर प्रवाळ आहे. लक्षद्वीपसारखी मोठी रांग नव्हे, इथे-तिथे ठिगळं. पण त्या ठिगळांच्या कपारींत गोबरा, तांबोशी, शेवंड आणि खेकडे आसरा धरतात. लहान मासळी तिथे लपते, म्हणून मोठी होते. खडक उजाड झाला तर पाव्हण्यांना बघायला काही राहणार नाही, आणि गळ टाकणाऱ्यालाही काही मिळणार नाही.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं. हजारो बारीक जीव एकत्र राहून ते घडवतात. घुमटासारखी वाढणारी पोवळी वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे टाचेखाली वीतभर तुकडा मोडला तर एका पिढीची वाढ गेली. त्यात पाणी जास्त तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं. तापलेला दर्या आपल्या हातात नाही. पाय आणि नांगर मात्र आपल्या हातात आहेत.

आणखी एक गोष्ट. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, समुद्री घोडाही आहे. आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा पिशवीत घालणं हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर गुन्हा ठरतो. पाव्हण्यांना हे होडीत बसल्याबसल्या सांगा, परत निघताना नको.

जायचं कधी

आपल्याकडचं पाणी निळंशार काचेसारखं नसतं. मांडवी आणि झुआरीचा गाळ इथेच येतो. बऱ्या दिवशी चार-सहा मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हात दिसत नाही. जाहिरातीत मालदीवचे फोटो लावून पाव्हण्यांची फसवणूक करू नका. खरं सांगितलं तर माणूस जे दिसतं त्यातच रमतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. दिवसात सकाळ उत्तम. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो, पाणी शांत असतं. दुपारी खारा वारा उठला की पृष्ठभागावर लाटा फुटू लागतात आणि नळीत पाणी शिरतं. नऊच्या आधी पाण्यात, बाराच्या आत परत, हे गणित चांगलं.

भरती-ओहोटी बघाच. मुरगावला उधाणाच्या दिवसांत पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे ओढ जास्त आणि गढूळपणाही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ कमी. आपले जुने लोक तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढायचे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा अंदाज ढोबळ आहे, तेव्हा छापील तक्त्याशी ताडून घ्या. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज मिळतो, तोही बघूनच होडी काढा.

सामान: महाग नको, मापाचं हवं

*मास्क.* पट्टा न लावता तोंडावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर कितीही महाग असो, गळणार. मिशीमुळे पाणी शिरतं. नाकाखाली थोडं व्हॅसलीन लावलं तर फरक पडतो. केसांची बट कडेखाली अडकू देऊ नका. पट्टा करकचून ओढला की मास्क जास्तच गळतो. पोहण्याचा चष्मा चालणार नाही. त्यात नाक बाहेर राहतं, आणि खाली गेल्यावर दाब सारखा करता येत नाही.

नव्या मास्कच्या काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो. आतून टूथपेस्ट चोळून तो धुवा, नाहीतर काच सतत धुकट होते. नंतर दरवेळी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो. थुंकी तर फुकटच आहे. चष्मा लागणाऱ्यांसाठी नंबरचे मास्क मिळतात. चार-पाच नंबरांचे मास्क होडीत ठेवले तर पाव्हणा जन्मभर नाव काढेल. आणि हे आधीच सांगून ठेवा: मास्कमधून वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि पाव हिश्श्याने जवळ दिसते. वरून "केवढा मासा!" अशी आरोळी आली तर त्यातला थोडा वजा करायचा.

*नळी.* साधी, रुंद, दीड-पावणेदोन वितीची. लांब नळी चांगली, हा गैरसमज आहे. नळी लांब असली की सोडलेली हवा नळीतच राहते आणि तीच परत आत जाते. शिवाय खोलीवर पाण्याच्या दाबापुढे छाती फुगत नाही. कोरड्यावर ओढून बघा. श्वास घेताना जोर लागत असेल तर ती नळी बाजूला ठेवा. हवाई बेटांवरच्या अभ्यासात अशा अडखळत्या श्वासाकडेच बोट दाखवलं आहे.

*पूर्ण चेहऱ्याचा मास्क.* नवख्यांना सोपा वाटतो, फोटोही छान येतो. पण घाबरल्यावर तो झटकन काढता येत नाही, साध्या नळीसारखा तोंडातून थुंकून टाकता येत नाही आणि नाकही दाबता येत नाही. आम्ही साधा मास्क आणि साधी नळीच सुचवतो.

*अंगात काय घालावं.* पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा. ऊन, खरचटणं आणि जेलीफिश, तिन्हींपासून बचाव. सनस्क्रीनचे थर कमी लागतात, तेही बरंच. प्रवाळाला अपायकारक मानलेल्या घटकांच्या सनस्क्रीनवर पलाऊने २०२० साली आणि हवाईने २०२१ साली बंदी घातली.

*फिन.* आखूड आणि मापाचे घ्या. ते घालून होडीत चालू नका, शिडीजवळ बसून घाला. नवख्याला फिनशिवायच उतरवलेलं बरं, नाहीतर पहिल्या लाथेतच पोवळं उडतं.

पाण्यात उतरल्यावर

पहिली पाच मिनिटं होडीची दोरी धरून नुसतं तरंगा. तोंड पाण्यात, श्वास सावकाश, सोडणं घेण्यापेक्षा लांब. हे जमलं की मग दोरी सोडा.

नळीत पाणी आलं तर एकदम जोरात फुंका, पिचकारी वर जाते. मास्कमध्ये आलं तर डोकं वर करा, मास्कची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकातून फुंकर मारा. दोन्ही गोष्टी होडीशेजारीच तीनदा करून बघा. दमलात तर पाठीवर पडा. लाइफ जॅकेट तुम्हाला धरून ठेवतं, त्याच्यावर विश्वास ठेवा. उभं राहण्याची गरजच पडत नाही.

बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊन छाती भरायची सवय काहींना असते. ती सोडा. त्याने शुद्ध हरपते, आणि तीही काही सूचना न देता.

होडीवरच्या पोरांनी एक लक्षात ठेवावं. बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही. नळीवर तरंगणारा तर पालथाच असतो, म्हणून कळतही नाही. हालचाल थांबलेला, एकाच जागी राहिलेला किंवा लाटेबरोबर नुसता डोलणारा माणूस दिसला की हाक मारा. उत्तर आलं नाही तर उडी घ्या. त्या वेळी मोबाइल खिशात असावा.

कोण कोण भेटतं

पट्टेरी सार्जंट मासे तर स्वागतालाच येतात. फुलपाखरी मासे जोडीने फिरतात. पोपटमाशाचं कुरतडणं शांत पाण्यात कानाने ऐकू येतं. कपारीत तोंड उघडं ठेवून बसलेला मोरे ईल दिसेल. तो चावायला बसलेला नसतो, तसा श्वास घेत असतो. बोट मात्र कपारीत घालू नका. माकूल रंग बदलताना दिसली तर तो दिवस सार्थकी लागला. वाटेत डॉल्फिन दिसतील, क्वचित कासवही. आपल्या मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग किनाऱ्यांवर अंडी घालणारी तीच ऑलिव्ह रिडले.

कोणाच्याही मागे पोहू नका. आपण थांबलो की तेच जवळ येतात. पाव टाकून मासे गोळा करणं बंद करा. पावाला चटावलेले दोन-चार जातींचे धटिंगण मासे जमतात आणि बाकीचे पळतात. फोटो बरा येतो, खडक मात्र बिघडतो.

डंख किंवा काटा लागला तर

*काळ्या लांब काट्यांचे गोळे (सी अर्चिन), पाकट, लायनफिश, दगडासारखा दिसणारा विंचूमासा:* बहुतेक काटे पाय टेकल्यावरच लागतात. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, विषाची कळ कमी होते. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा. खोल रुतलेला काटा डॉक्टरच काढतील.

*जेलीफिश:* नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत नव्वदहून जास्त लोकांना डंख झाले होते. चोळू नका, वाळू लावू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग गरम पाण्याचा शेक द्या. व्हिनेगर सरसकट ओतू नका. काही जातींना ते चालतं, पण निळ्या फुग्याच्या ब्लूबॉटलसाठी ते वापरू नका असं ऑस्ट्रेलियात सांगतात. धाप लागली, छाती भरली, चेहरा सुजला तर वेळ न घालवता किनारा गाठा.

*समुद्री साप:* श्वास घ्यायला वर येतो आणि निघून जातो. त्याला वाट द्या. खरा धोका आपल्यालाच असतो, जाळ्यातून सोडवताना. चावा दुखतोच असं नाही, म्हणून दुर्लक्ष करू नका. आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनतं, समुद्री सापासाठी नाही. हातपाय न हलवता थेट मोठ्या इस्पितळात न्या.

आता होडीवाल्यांसाठी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली, दोघे गेले. २५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळात, कळंगुटला पर्यटकांची होडी उलटली, एकजण गेला. दोन्ही वेळा किनारा दूर नव्हता. म्हणून:

१. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच बांधायचं आणि किनाऱ्यावरच सोडायचं. परतीच्या वाटेवरही अंगात हवंच.

२. परवान्यात आहेत तेवढीच माणसं. "अजून दोघंच आहेत" म्हणणाऱ्या एजंटाला नाही म्हणायचं.

३. माणसं पाण्यात असताना इंजिन बंद. उतरताना मोजायचं, चढल्यावर मोजायचं, आणि आकडा कागदावर लिहायचा.

४. नांगर वाळूत टाकायचा. कायमची बोय असेल तर तिलाच दोरी बांधायची. खडकावर ओढला गेलेला नांगर एका सकाळीत शंभर पाव्हण्यांपेक्षा जास्त मोडतोड करतो.

५. बिअर जेवणाबरोबर, पाण्यातून वर आल्यानंतर. दारू प्यायलेल्याला उतरवायचं नाही, तो कितीही रागावला तरी. हृदयविकार, दमा, फिट येणं याबद्दल आधी विचारायचं.

६. मास्क आणि नळ्यांची तोंडं प्रत्येक फेरीनंतर साबणाने आणि जंतुनाशकाने धुवायची. गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायची. उन्हात सिलिकॉन कडक होतं.

७. तटरक्षक दल १५५४, रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन ११२. हे तीन आकडे होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

दर्या खराब असेल तर फेरी रद्द करायची आणि पैसे परत करायचे. एका दिवसाचं भाडं बुडतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. डिझेल भरलेलं असतं, पोरं सकाळपासून ताटकळलेली असतात. पण एक अपघात झाला की सगळ्याच होड्या किनाऱ्याला लागतात, चांगल्या-वाईट सगळ्यांच्या. पुढच्या मोसमात पाव्हणा परत येईल तो आपल्याच भरवशावर.

मोसम तोंडावर आहे. हे आपापल्या होडीवरच्या पोरांना वाचून दाखवा, हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या पाव्हण्यांना त्यांच्या भाषेत समजावा. फार सांगायला वेळ नसेल तर एवढंच सांगा: बाबांनो, पाय टेकू नका, तरंगत राहा.