बिदरचा जांभा

दामाजीपंतांची कथा कीर्तनातून ऐकली नाही असे घर कोकण-गोमंतकात विरळाच. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांना खुली करणाऱ्या या भक्तासाठी पांडुरंग विठू महार झाला आणि मोहरांची थैली घेऊन बेदरच्या बादशहापुढे उभा राहिला, ही श्रद्धेची गोष्ट आपल्याला पाठ आहे. परंतु ते बेदर, म्हणजे आजचे बिदर, पाहून आलेले किती सापडतील? २०२५ साली सिंधुदुर्ग-विजयदुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आपला ऊर भरून आला आणि ते योग्यच झाले. बिदर व कलबुर्गीचे किल्ले २०१४ साली संभाव्य यादीत आले, त्याची मात्र आपण वार्ताही घेतली नाही. ते सुलतानांचे, आपले नव्हेत, ही अढी याच्या मुळाशी असावी असे आम्हांस वाटते.

ही अढी सोडविण्यास बिदरचा दगडच पुरेसा आहे. १३४७ साली स्थापन झालेली बहमनी गादी अहमदशहाने कलबुर्गीहून बिदरला आणली आणि पठाराच्या कडेवर हा दुर्ग उभारला. ते पठार जांभ्याचे आहे. खाणीतून काढताना मऊ आणि वारा लागला की कठीण होणारा हा दगड आपल्या परिचयाचा. आपली घरे, विहिरी, देवळांचे गडगे त्याच्याच चिऱ्यांचे. बिदरच्या पाथरवटांनी त्याच खडकात तिहेरी खंदक कोरला आणि खंदकांमधल्या दोन भिंती बांधल्या नाहीत, तर मूळ खडकाच्याच राखल्या. चिरेखाण पाहिलेल्या माणसाला त्यामागील घाम वेगळा सांगावा लागत नाही.

पाण्याची योजनाही याच दगडाच्या स्वभावावर बेतलेली. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडते. नौबाद भागातील भुयारी कालवे हे पाणी केवळ उताराच्या बळावर वाहून नेत. किल्ल्यातील रंगीन महाल अली बरीदशहाने सोळाव्या शतकात नटविला. तेथे काळ्या दगडात शिंपल्यांचे चकचकीत तुकडे जडविले आहेत. सागरापासून इतक्या दूर समुद्राची ही खूण पाहून किनाऱ्यावरचा माणूस थबकतोच.

आणखी एक धागा आहे. १४५३ साली दाभोळ बंदरात उतरलेला इराणी व्यापारी महमूद गावान बहमनींचा वजीर झाला. १४७२ साली त्याने विजयनगरकडून गोवा जिंकले आणि त्याच वर्षी बिदर शहरात तिमजली मदरसा पूर्ण केला. बनावट पत्रावर विसंबून सुलतानाने १४८१ साली त्याचा शिरच्छेद करविला. पुढे मोगली अमलात त्या विद्यालयात दारूगोळा साठविला गेला आणि १६९६ च्या स्फोटात निम्मी इमारत उद्ध्वस्त झाली. ज्ञानाच्या वास्तूत दारू भरण्याची किंमत आजही तेथे उघडी दिसते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, डागडुजी केवळ तटबुरुजांची होऊन भागणार नाही. भुयारी कालव्यांवर इमारती चढल्या तर पाणी आटेल. बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवितात आणि जुन्या किल्ल्याच्या मातीत नवसागर मिसळून त्यास काळी झळाळी आणतात. ती माती फरसबंदीखाली गेली तर शतकांची कलाही जाईल. खंदक, पाणी, माती आणि हात हे सारे मिळून किल्ला होतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर कर्नाटकात गेले, तरी भालकी-औरादच्या घरांतून मराठी बोलली जाते. गाणगापूरला दत्तदर्शनास जाणारे आपले भाविक कलबुर्गी जिल्ह्यात तर पोचतातच. तेथील किल्ल्यात १३६७ ची, अंगणाविना संपूर्ण छताखाली असलेली अपूर्व मशीद आहे, आणि २०१७ पासून कलबुर्गीहून थेट बिदरला रेल्वेही जाते. यात्रेला दोन दिवस जोडावेत. राजे कोणाचेही असोत, चिरा घडविणारा हात आपलाच होता, हे तेथे गेल्यावर पटल्यावाचून राहणार नाही.