मचाणाची करकर

मुदखेड भागात ज्वारी हुरड्यात आली की पाखरे आणि रानडुकरे राखायला शेतात मचाण बांधतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची मचाणे गेली. राखणीची आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजण्याची राहिली. राखणदाराने आवाज करायचाच असतो. पाणवठ्यावर मात्र एक करकर झाली तरी सांबर पाणी न पिताच मागे फिरते.

ओले लाकूड वाळताना आकसते, बांध सैल पडतो. मग वजन हलले की दोन लाकडे एकमेकांना क्षणभर धरतात आणि निसटतात. ही धर-सोडच करकर होऊन ऐकू येते. मचाण झाडावर असेल तर वाऱ्याने फांद्या हलूनही तेच होते.

आधी आवाजाची जागा शोधावी. एकाने वर बसून अंग हलवावे, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. दोषी सांधा बोटाखाली थरथरतो. तो सोडून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी आणि पुन्हा आवळून बांधावे. घासणाऱ्या जागी मेण किंवा कोरडा साबण चोळावा. तेल नको, त्यावर धूळ बसते. फळ्यांवर गोणपाट अंथरले की पायांचा आवाजही दबतो. दोर कुजका वाटला तर तो आधी बदलावा, करकरीचे नंतर पाहावे.