लेकुरवाळ्या माशांची हद्द

घरच्या फिशटँकमध्ये एंजलची जोडी जमली, की अंडी दिसण्याआधी बाकीच्या माशांची जागा बदललेली दिसते. परवापर्यंत टाकीभर फिरणारे चार-सहा मासे एकाएकी वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या आड दाटीने थांबतात. त्यांचे पर मिटलेले असतात, रंग फिका पडलेला असतो, एखाद्याची शेपटी कुरतडलेली असते. उरलेल्या टाकीवर दोघांचाच ताबा असतो. दोघे मिळून एखादे रुंद पान किंवा फिल्टरची उभी नळी तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करतात, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतात. नाशिकमध्ये हौसेने मासे पाळणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेले असते. त्यावर हमखास निघणारा निष्कर्ष म्हणजे ‘हा मासा भांडखोर निघाला’. खरे तर तो मासा आईबापाचे काम चोख करत असतो. त्या कामाला जितकी जागा लागते, तितकी आपण त्याला दिलेली नसते.

एंजल, ऑस्कर, डिस्कस, कन्व्हिक्ट, फ्लॉवरहॉर्न हे सगळे सिक्लिड कुळातले. या कुळात सतराशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंका असा त्यांचा पसारा आहे. बहुसंख्य मासे अंडी पाण्यात सोडून निघून जातात. सिक्लिड मात्र पिल्लांचा सांभाळ करतात. एंजलची मादी शेकडो अंडी ओळीने चिकटवत जाते आणि नर मागोमाग ती फळवत जातो. मग दोघे आळीपाळीने छातीच्या परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतात. बुरशी लागून पांढरे पडलेले अंडे तोंडाने नेमके टिपून बाजूला काढतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण आठवडाभरात पिल्ले मोकळी पोहू लागतात. या काळात आसपास फिरणारा प्रत्येक मासा अंडी खाणाराच असतो. त्याला हाकलणे हे पालकाचे पहिले कर्तव्य.

निसर्गात हा तंटा लवकर मिटतो. आधी मासा पर ताठ करून आपली कूस दाखवतो, कल्ल्यांची झाकणे फुलवतो, शेपटीने पाण्याचा जोराचा लोट समोरच्यावर सोडतो. तेवढ्याने भागले नाही तरच जबड्यात जबडा अडकवून जोर लावला जातो. हरणारा वळून चार-पाच फूट लांब जातो, दगडाआड दिसेनासा होतो आणि प्रकरण संपते. दोन फुटी टाकीत चार-पाच फूट जायचे कुठे? हरलेला मासा समोरच राहतो. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने घुसखोर अजून गेलेलाच नसतो, म्हणून पाठलाग थांबत नाही. शरण आलेल्याला निघून जाता येत नाही, म्हणूनच काचेच्या टाकीतले भांडण जिवावर बेतते.

चिलापीने शिकवलेले

हे समजून घेण्यासाठी परदेशी माशाकडेच पाहायला हवे असे नाही. आपल्या बाजारात टोपलीत दिसणारी चिलापीही सिक्लिडच. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे गोदावरी खोऱ्यासह महाराष्ट्रातल्या जलाशयांत ठाण मांडून बसली. विणीच्या काळात चिलापीचे नर उथळ पाण्यात जमतात. प्रत्येक जण तळाच्या गाळात परातीएवढा गोल खळगा करून तो राखतो. मादी खळग्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेऊन निघून जाते. पुढचे सुमारे तीन आठवडे अंडी आणि पिल्ले तिच्या तोंडात वाढतात.

या चिलापीवर पोर्तुगालमधल्या शास्त्रज्ञांनी केलेले काम टाकी सांभाळणाऱ्याच्या फार उपयोगाचे आहे. लढाईनंतर नराच्या शरीरात पुरुष-संप्रेरके वाढतात, हे आधीच माहीत होते. रुई ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी नराला आरशातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी लढू दिले. नर जीव तोडून लढला, पण संप्रेरके वाढली नाहीत. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले, की शरीर प्रतिसाद देते तो लढाईच्या निकालाला. आरशातल्या लढाईला निकालच नसतो. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला की टाकीच्या काचा आतून आरसा होतात, आणि हीच निष्फळ लढाई आपल्या दिवाणखान्यात सुरू होते. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावणे आणि खोलीत थोडा उजेड ठेवणे, एवढ्याने ती बरीचशी थांबते.

दुसरा शोध पाण्याबद्दलचा. चिलापीचा वरचढ नर प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हापुन्हा मूत्र सोडतो आणि त्यातल्या रसायनांवरून समोरच्याला त्याचा दर्जा कळतो. म्हणजे टाकीत कोण वरचढ आणि कोण दुय्यम, याची नोंद पाण्यातच विरघळलेली असते. आपण एका झटक्यात निम्मे पाणी बदलतो तेव्हा ती नोंदही पुसली जाते. ब्राझीलच्या संशोधकांनी थेट एंजल माशांवरच हे तपासले. निम्मे पाणी बदलल्यावर भांडणे वाढली. चौथा हिस्साच बदलला तेव्हा परिणाम बराच कमी झाला. पाणी बदलणे टाळता येत नाही, कारण साचलेला अमोनिया माशांना मारतो. पण थोडे-थोडे आणि वरचेवर, क्लोरीन काढून, टाकीतल्या पाण्याइतके कोमट करून घातले, तर स्वच्छताही राहते आणि ठरलेली उतरंडही टिकते.

सिक्लिड शेजाऱ्याला ओळखतोही. टांगानिका सरोवरातल्या एका लहान सिक्लिडवर जपानमधल्या मासानोरी कोहदा यांच्या गटाने प्रयोग केले. त्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की हे मासे चेहऱ्यावरच्या रंगखुणांवरून ओळखीचा आणि अनोळखी यांत फरक करतात. ओळखीच्या शेजाऱ्याबद्दल ते निर्धास्त असतात आणि अनोळख्यावर नजर रोखून राहतात. शेतात बांध पक्का असला की शेजाऱ्यांची कुरबूर कमी होते, तसेच इथे घडते. हद्द एकदा ठरली की दोघांचीही ताकद वाचते. दर आठवड्याला टाकीत नवा मासा आणून सोडणारा ही शांतता स्वतःच्या हाताने मोडत असतो.

शेजारी दिसू द्या, भेटू देऊ नका

सगळ्यात अवघड प्रश्न जोडीच्या आतला. इतर माशांचा त्रास नको म्हणून जोडीला स्वतंत्र टाकीत हलवतात. तिथे निवांत अंडी घालतील अशी अपेक्षा असते, आणि काही दिवसांत नर मादीलाच फाडतो. याची उकल आपल्याच देशातल्या एका माशाने करून दिली. भारताचे स्वतःचे सिक्लिड मोजकेच आहेत. त्यांतला एक गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात. त्याचाच छोटा भाऊबंद म्हणजे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला पिवळा-केशरी ऑरेंज क्रोमाइड. १९७३ मध्ये नोबेल मिळवलेले प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी सिक्लिडच्या जोड्या पाळताना पाहिले, की टाकीच्या मधोमध काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली तर दोन्ही घरे सुखात नांदतात. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे झाले, की नर मादीवर उलटतो. पुढे ॲन रासा यांनी १९६९ मध्ये ऑरेंज क्रोमाइडवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाकी ठेवलेल्या जोड्यांत आपसातली भांडणे वाढतात आणि पिल्ले वाढवण्यात अपयश येते, असे त्यांत आढळले. आक्रमकता शरीरात साठत जाते, हा लॉरेन्झ यांचा सिद्धान्त आज कुणी जसाच्या तसा मानत नाही. पण शेजाऱ्याच्या दर्शनाने जोडी एकत्र राहते, हे निरीक्षण पाळणाऱ्यांच्या अनुभवाला आजही उतरते. हद्द राखण्याचे काम समोर असले की नर-मादी एका बाजूला उभे राहतात.

म्हणून टाकीत एक पारदर्शक, छिद्रे असलेली ॲक्रिलिकची आडकाठी बसवावी आणि पलीकडे दुसरी जोडी किंवा एखादा दणकट मासा ठेवावा. पाणी दोन्हीकडे खेळेल, नजर पोचेल, दात पोचणार नाहीत. जोडीच्या रागाला वाट मिळावी म्हणून त्यांच्यातच एखादा गरीब मासा सोडण्याचा सल्लाही दिला जातो. तो मुळीच मानू नये. काचेने जे साधते त्यासाठी एका जिवाला रोज मार खायला लावणे हे क्रौर्य आहे. जोडी फारच बुजरी असेल, तर वरच्या थरात चपळ फिरणारे डॅनिओसारखे मासे थोड्या संख्येने ठेवावेत. ते निर्धास्त फिरताना दिसले की जोडीचीही भीड चेपते.

आधी जागा, मग जोडी

जोडी विकत आणण्यापेक्षा जमू द्यावी. एकाच पिशवीत बांधून दिलेले ‘नर-मादी’ एकमेकांना पसंत करतीलच असे नाही. लहान वयाचे पाच-सहा मासे एकत्र वाढवले की त्यांतून जोडी आपसूक ठरते. ती ठरल्या दिवशी उरलेल्यांची दुसरीकडे सोय तयार हवी.

जागेचा हिशेब उंचीवर करू नये, तळावर करावा, कारण सिक्लिडची हद्द मुख्यतः तळाच्या दगडांवरून ठरते. २ × १ × १ फुटाच्या टाकीला तळ मिळतो २ चौरस फूट आणि पाणी मावते साधारण ५५ लिटर. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीला तळ ६ चौरस फूट आणि पाणी सुमारे अडीचशे लिटर. त्या पाण्याचेच वजन अडीचशे किलो होते, तेव्हा फ्लॅटमध्ये स्टँड भक्कम आणि भिंतीलगत असावा. अमेरिकेत रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी मायडस सिक्लिडवर केलेल्या २०११ मधल्या अभ्यासातही, मोठ्या आणि आडोशांनी भरलेल्या टाकीत मासे लहान टाकीपेक्षा कमी आक्रमक दिसले.

मोठी टाकी उघडी-बोडकी असेल तर ती अर्धीच कामाची. आपल्याकडचा काळा बसाल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो बिनधास्त वापरावा. संगमरवर आणि चुनखडी टाळावी, त्यांनी पाणी जड होते. दगड असे रचावेत, की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सरळ रेषेत दिसू नये. आडवी टाकलेली मातीची कुंडी आणि नारळाची करवंटी हे उत्तम आडोसे. प्रत्येक आडोशाला दोन तोंडे हवीत. एकाच तोंडाच्या बिळात शिरलेली मादी कोंडून मारली जाते. नर मोठा असेल तर फक्त मादी मावेल एवढे भोक असलेली आडकाठी तिचा जीव वाचवते. नवा मासा सोडायचाच असेल तर आधी दगडांची मांडणी बदलावी. जुन्या रहिवाशाच्या हद्दीच्या खुणा मोडतात आणि दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एरवी मात्र अंडी-पिल्ले असताना एक खडाही हलवू नये.

तापमानाकडेही लक्ष हवे. नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. तो २८ अंशांवर ठेवला आणि प्रथिनयुक्त खाद्य भरपूर घातले, की विणीला चालना मिळते. वीण नको असेल तर २५ अंशांच्या आसपास ठेवून खाद्य बेताचे करावे. एखादा मासा पृष्ठभागाशी कोपऱ्यात लटकून राहिला, खाणे सोडले, पर फाटले, तर त्याच तासाला त्याला वेगळे करावे. रात्री हरलेला मासा बहुधा सकाळ पाहत नाही.

शेवटचा विचार पिल्लांचा, आणि तो सगळ्यांत आधी करायचा. एका विणीतून शेकडो पिल्ले येतात आणि दोन फुटी टाकीत त्यांना भविष्य नसते. ती ‘मोकळी करायची’ म्हणून गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडणे हा नदीवर अन्याय आहे. सिक्लिड परक्या पाण्यात काय करू शकतात हे चिलापीने दाखवलेच आहे. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. पिल्ले घेणारा दुकानदार किंवा पाळणारा आधी ठरवून ठेवावा. तो मिळत नसेल तर जोडी जमवू नये. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न एकटा ठेवावा, किंवा घातलेली अंडी पहिल्याच दिवशी काढून टाकावीत. माशाच्या रागाला आवर घालणे आपल्या हातात नाही. त्याला पुरेल एवढी हद्द देणे आणि पुरत नसेल तर वीण थांबवणे, या दोन्ही गोष्टी मात्र पूर्णपणे आपल्याच हातात आहेत.